सहा फुटांची खूण

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. बोईसर स्टेशनजवळ माझा छोटा स्टुडिओ होता आणि कारखान्यात लागलेल्या पोरांचे गेटपासचे फोटो काढून काढून मला त्याचा वीट आला होता. मला चांगले फोटो काढायचे होते, विशेषतः माझ्या चिमीचे. चार वर्षांची पोर, पण कॅमेरा जवळ नेला की मुद्दाम डोळे फिरवून जीभ बाहेर काढायची. तिच्या नकळत, लांबून फोटो काढायचा तर झूम लेन्स हवी, आणि नवी घेण्याची माझी ऐपत नव्हती.

ती मला भंगारवाल्याकडे मिळाली, बिस्किटाच्या डब्यात. जपानी, जुनी, काचेच्या कडेला बुरशीचे दोन ठिपके. सगळं हातानं करायचं. एकच रुंद रबरी कडं: मागे ओढलं की लांबचं जवळ दिसायचं, गोल फिरवलं की फोकस व्हायचा. कड्याजवळ अंतराचे आकडे कोरलेले होते. एका टोकाला आडवा आठ, म्हणजे थेट क्षितिजापर्यंत. मग शंभर फूट, तीस, पंधरा, दहा आणि शेवटी सहा. सहाच्या आतलं तिला स्पष्ट दिसत नसे. आतलं ग्रीस सुकल्यामुळे कडं इतकं घट्ट झालं होतं की फिरवताना मनगट दुखायचं. हे घट्टपण लक्षात ठेवा.

कार्तिकात मुरब्याहून रामू नावाचा मच्छीमार आला. त्याची नवी होडी पाण्यात उतरायची होती, तिचा फोटो हवा होता. मी चिमीलाही बरोबर नेलं. पोर समुद्र बघेल, मलाही तिचे दोन-चार फोटो मिळतील.

किनाऱ्यावर होड्या ओळीनं लावल्या होत्या. शेजारी बोंबील वाळत होते आणि तो वास कपड्यांत शिरत होता. ओळीत मध्येच एका होडीएवढी जागा मोकळी होती आणि समुद्र सरळ दिसत होता तो तिथूनच.

"तिकडं नको, फोटोवाले," रामू म्हणाला. "ती माज्या भावाची जागा हाय, महादूची. भादव्यात दर्यात गेला तो आला नाय. मानूस गावत नाय तवर आमी जागा भरत नाय. तिच्यात पाय पन ठेवत नाय."

मी मान हलवली आणि जागेच्या बाहेर, अलीकडे स्टँड उभा केला. नुसतं त्या जागेवरून पलीकडे बघितलं तर कुणाचं काय जातंय?

होडी लांब गेल्यावर कडं आडव्या आठावर लावलं. होडी स्पष्ट दिसली, पण तिच्यासमोर काहीतरी उभं, राखाडी, धूसर होतं. कुणीतरी मध्ये आलं म्हणून मी डोळा काढला. समोर मोकळी वाळू. पुन्हा डोळा लावून कडं फिरवत आणलं, तेव्हा तिसावर एक माणूस स्पष्ट झाला. कमरेला ओला रुमाल, मान खाली घातलेली. मी होडीचा फोटो घाईनं उरकला आणि परत बघितलं, तर तो पंधरावर होता.

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. जुन्या काचेत कुठूनतरी आडवा उजेड शिरला असणार. लेन्सची चूक पकडायची तर नेमक्या अंतरावर खरं माणूस उभं करून बघायचं, ही आमच्या धंद्यातली साधी रीत. माझ्या बायकोची, दमयंतीची, शिवणाची टेप पिशवीत होती. रामू होडीवर होता. मी कॅमेऱ्यापासून त्या जागेत पंधरा फूट मोजले आणि तिथं चिमीला उभं केलं. एवढ्याशा पोरीचा पाय तो काय, असं वाटलं मला.

कडं पंधरावर. चिमी लख्ख दिसत होती, दोन्ही हात फ्रॉकच्या खिशांत. बाकी कुणी नव्हतं. जीव भांड्यात पडला आणि मी बटण दाबलं.

"बाबा," ती म्हणाली, "काकांचा हात गार आहे."

मी धावत जाऊन तिला उचललं. मागे एक बाई उभी होती. महादूची बायको, जमना. हातातला हिरवा चुडा तसाच होता.

"पोरीला हितं कोनी उबी केली?"

"मीच. दोनच मिनिटं."

"मी रोज सांजचे येऊन त्याला हाक मारतंय," ती हळू म्हणाली. "पन हात मी पन कदी दिला नाय, दादा. ज्यानं हात दिला त्याच्या घरी तो जायाचा. मला बी पोरां हायत."

त्याच संध्याकाळी मी फिल्म धुतली, प्रिंट काढली. ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात चित्र हळूहळू वर आलं. चिमी एकटीच होती. पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर गेलेला होता आणि बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती. मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना मुलांचा असतो तसा.

लेन्स आडव्या आठावर लावून मी डब्यात बंद केली आणि घरी कपाटावर ठेवली. फेकून द्यायला धजलो नाही. तो कुठवर आलाय, हे मला फक्त तिच्यावरूनच कळणार होतं.

तिसऱ्या दिवशी कडं शंभरावर होतं. आठवड्यानं तिसावर.

"तू त्या डब्याला हात लावलास का?" मी दमयंतीला विचारलं.

"मी कशाला लावू? अहो, अंगणातून ओल्या पायांनी कोण येतं ते आधी बघा. पायरी कालपासून वाळत नाहीये."

मी तसाच मुरब्याला गेलो. ओळीतली मोकळी जागा भरलेली होती. रामूची नवी होडी तिथं आडवी पडली होती.

"वयनी बोलली, आता लाव," रामू माझ्याकडे न बघता म्हणाला. "तो आता हितं नाय."

पंधरा.

दहा.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी डबा उघडला. कडं सहावर होतं. दोन्ही हातांनी जोर लावला, हललं नाही.

टेप काढली. कपाटापासून चिमीच्या खाटेपर्यंत मोजलं. सहा फूट.

चिमी गाढ झोपली होती. उजवा हात खाटेबाहेर, हवेत वर उचललेला. मी तो धरला. बोटं गार होती, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली.

मी तो हात हळूच खाली ठेवला.

तो पुन्हा वर गेला.