काकांच्या खोलीतलं कार्ड

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात पदरचं एक अक्षर नाही. माझ्या सख्ख्या मावसभावासोबत घडलंय. रविवारची संध्याकाळ, तिसऱ्या मजल्यावरचं घर. घरात फक्त तो आणि मावशी.

आम्ही त्याला दादा म्हणतो. कॅमेरे बसवायचं काम करतो. दुकानं, पार्किंग, जिने... काका, म्हणजे त्याचे बाबा, अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या खोलीतही त्यानेच एक बसवला होता. मग काका गेले. कॅमेरा उतरला. पलंग देऊन टाकला. भिंतींना नवा रंग दिला.

मावशीला सोबत उरली ती टीव्हीची. आणि त्याला जोडलेल्या जुन्या डब्याची, नेटवरच्या मालिका दाखवणाऱ्या. त्या संध्याकाळी डब्यानेही हात वर केले. जागा शिल्लक नाही म्हणे.

"नवा आणतो ना, आई."

"काही नको. तुझ्या बाबांनी आणलाय तो. गावभर शहाणपण पाजळतोस, घरचा एवढासा डबा सुधरत नाही तुला?"

डब्याच्या मागे मेमरी कार्डाची खाच होती. दादाने बॅग उपसली. एकच कार्ड मिळालं. काकांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं.

चांगलं कार्ड. वाया कशाला घालवायचं?

घातलं. टीव्हीवर सूचना आली, त्याने मोठ्याने वाचली. "कार्डावरचं सगळं पुसलं जाईल. यापुढे ते याच डब्यात चालेल. मध्येच काढलं तर आतलं कायमचं जाईल."

त्याने 'हो' दाबलं. सगळं पुसलं गेलं. मालिका सुरू झाली.

"लावलेस एकदाचे दिवे!" मावशी हसली.

तो चहा टाकायला आत गेला. तेवढ्यात मालिकेचा आवाज बंद झाला...

आणि कुणीतरी खोकलं.

सुका, दमलेला खोकला. मग घसा खाकरल्याचा आवाज...

दादा बाहेर आला. टीव्हीवर एक खोली दिसत होती. वरच्या कोपऱ्यातून. औषधांचं स्टूल, पडदा आणि पलंग. पलंगावर पांघरुणाखाली कुणीतरी...

जुनं रेकॉर्डिंग राहिलं असेल, त्याने मनाची समजूत घातली. मग त्याचं टीव्हीतल्या भिंतीकडे लक्ष गेलं.

रंग नवा होता.

तो धावत त्या खोलीत गेला. पलंग नाही. स्टूल नाही. कोपऱ्यात कॅमेरा नाही. सगळं रिकामं.

बाहेरून मावशी ओरडली, "अरे, तू दिसतोयस बघ टीव्हीवर! बाबांच्या पायाशीच उभा आहेस की!"

तो कसा बाहेर आला त्याचं त्यालाच ठाऊक. टीव्हीवर काका आता उठून बसले होते. कॅमेऱ्याकडे पाठ करून. त्यांनी शेजारची जागा हाताने थोपटली...

"आई, मी कार्ड काढतोय."

"खबरदार! कायमचं जाईल म्हणालास ना? हात लावून तर बघ!"

"अगं, पण ते बाबा नाहीत!"

"मग कोण आहेत?"

त्याने पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. आता पलंगावर दोघं होते.

तोच गाऊन. तोच अंबाडा.

मावशी इकडे सोफ्यावर, त्याच्या शेजारी. आणि तिकडेही.

"बसले बघ मी त्यांच्याजवळ," ती शांतपणे म्हणाली.

दादाने डब्यामागे हात घातला. कार्ड दाबलं. ते जरासं बाहेर आलं...

टीव्ही काळा झाला. सोफ्यावर मावशीची मान कलंडली. हात लुळा पडला. श्वास... नाही.

त्याने तसंच कार्ड आत ढकललं.

मावशीने खोल श्वास घेतला. "अंधारी आली रे एकदम. काय केलंस?"

"काही नाही, आई."

तेव्हापासून कार्ड आतच आहे. दादाने लांबची कामं सोडली. डब्यासाठी वेगळी बॅटरी बसवली. घरात झाडूसुद्धा तोच मारतो, चुकून वायरीला धक्का नको. मावशी मालिका बघत नाही आता. नुसती टीव्हीतल्या त्या खोलीकडे बघत बसते.

परवा त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "डबा आपोआप बंद-चालू व्हायला लागलाय रे."

मी विचारलं, "आणि मावशी?"

त्याने फोन ठेवून दिला.

मी परत फोन केलेला नाही. हिंमतच होत नाही.