एक मीटर बारा

सातव्या ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, खळगा चार मिलिमीटर खोल होता. काठ गुळगुळीत, रुंदी गोल्फच्या चेंडूला बेताची. होलपासून अंतर एक मीटर बारा सेंटिमीटर. स्टीलच्या टेपने मी तीनदा मोजलं.

या मैदानाची माती आणि गवत माझ्या ताब्यात आहे. बुरशी मी वासावरून ओळखते. ही बुरशी नव्हती. खळगा भरून वर रोलर फिरवला. गवत एकाच जागी तुडवलं जाऊ नये म्हणून होल रोज पहाटे नव्या ठिकाणी पाडतात. दुसऱ्या दिवशी तसं ते पाडलं आणि पाहिलं, तर खळगाही हलला होता. नव्या होलपासून एक मीटर बारा.

"किडाच असेल मॅडम, पण टेप घेऊन फिरणारा," हेडमाळी म्हणाले.

नवव्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. खळग्याशेजारी दवात बुटांचे दोन ठसे होते, लोखंडी खिळ्यांच्या बुटांचे. असे बूट घालायला इथे गेली वीस वर्षं बंदी आहे. आजूबाजूचं दव अखंड होतं. कोणी आल्याची खूण नव्हती, गेल्याचीही नाही.

जेवताना मी हे बाबांना सांगितलं.

बाबा या मैदानाचे पहिले हौशी विजेते. दिवसभर घड्याळं दुरुस्त करायची, पहाटे खेळायचं आणि खेळाचा पैसा कधी घ्यायचा नाही, असं त्यांचं आयुष्य गेलं. अंतिम सामन्याची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. होलजवळचा सोपा टोला समोरच्याने होकारार्थी मान हलवून सोडायची, म्हणजे चेंडू गेलाच असं धरायची, रीत आहे. मग चेंडू उचलायचा. न सोडता उचलला, तर त्या होलचा डाव हरलात. सामना सातव्यावर येऊन अडला होता. समोर खेळणारा बाबांचा मित्र, टाइपरायटर दुरुस्त करणारा, त्याने चेंडू आपला आपणच उचलला. "घाई नडली त्याला," असं म्हणून बाबा हसायचे आणि आम्हीही हसायचो. तो मित्र पुन्हा खेळला नाही. गेल्या वर्षी वारला.

त्यानंतर महिन्याभरातच क्लबने स्पर्धेला बाबांचं नाव द्यायचं ठरवलं. संमतीचं पत्र अकरा महिने त्यांच्या टेबलावर पडून होतं. सेक्रेटरींचा फोन आला की बाबा म्हणायचे, बघू.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "खळगा चढाच्या बाजूला की उताराच्या?"

"रोज चढाच्या."

त्यांनी चमचा खाली ठेवला. उद्या सकाळी मला ने, म्हणाले, आणि सेक्रेटरींनाही बोलाव.

सकाळी आम्ही तिघं ग्रीनच्या कडेला उभे राहिलो. खळगा होता. ठसे होते, टोकं खळग्याकडे केलेली, टोला मारायला माणूस उभा राहतो तसे. सेक्रेटरींनी पत्राची नवी प्रत आणि पेन पुढे केलं. बाबांनी ते घेतलं नाही.

ते काठी टेकत दोन पावलं पुढे गेले.

मी पुन्हा खाली पाहिलं.

ठशांची टोकं आता खळग्याकडे नव्हती. बाबांकडे होती.

मधलं दव कुठेच मोडलं नव्हतं.

बाबांनी टोपी काढली.

"त्याचा चेंडू एवढ्याच अंतरावर होता. मी मान हलवली होती," ते स्पष्ट आवाजात म्हणाले. "पंचांनी विचारलं, तेव्हा नाही म्हणालो. स्पर्धेला त्याचं नाव द्या. कप त्याचा आहे."