दौलतरावांचा घसा

वडनेर नवनगराच्या मेंदूविज्ञान संस्थेत त्या सकाळी एका उमेदवाराला 'मी' म्हणायला शिकवणं चाललं होतं. हे भाऊसाहेब हिरवे. पर्यावरणाविषयीची त्यांची सगळी भूमिका त्यांच्या आडनावात सामावलेली होती. हातापायांना, खांद्यांना, गळ्याला, जबड्याला, हनुवटीखाली जिभेपाशी स्पंदनपट्ट्या चिकटवलेल्या अवस्थेत ते खुर्चीत बसले होते आणि घाम पुसत होते.

"खापरतळ्याचं संवर्धन करण्यात येईल," ते म्हणाले.

पडद्यावरचा काटा शून्यावर झोपून राहिला.

"कोण करणार?" पेंढारकर सरांनी विचारलं.

"करण्यात येईल ना! समितीही नेमण्यात येईल."

"भाऊसाहेब, कर्ता पळालाय या वाक्यातून. 'मी राखीन' म्हणा. कर्तरी प्रयोग!"

"मी... सर, आमच्या पक्षात असं एकट्याने बोलत नाहीत हो."

पेंढारकर सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले व्याकरणाचे मास्तर आणि तळे बचाव समितीचे अध्यक्ष. समितीची तीन हजार मतं सर सांगतील तिकडे पडत, म्हणून तर उमेदवार मुकाट्याने पट्ट्या लावून घेत होते. प्रश्न साधा होता. नवनगराला खापरतळं बुजवून उडत्या टॅक्सींचा तळ बांधायचा होता. 'तळं'चा 'तळ' करायला अनुस्वारच तेवढा काढावा लागतो, आणि तेवढं काम नगरपालिका वेळेत करते. तळं गेलं की पूर्वेकडच्या सगळ्या विहिरी कोरड्या. मतदान उद्यावर आलेलं.

यंत्र डॉ. हेमांगी खांबेटेंचं. ती सरांची जुनी विद्यार्थिनी. तिच्याही घरचं पाणी त्याच विहिरींचं.

"पुन्हा एकदा सांग बाई," हिरव्यांना वाटेला लावून सर म्हणाले. "हे तुझं संकल्पमापक खोटं पकडतं ना?"

"खोटं नाही सर, इरादा. माणूस 'लाथ मारीन' असं मनापासून म्हणाला, की मेंदू पायाला आगाऊ निरोप धाडतो. पाय हलत नाही, पण स्नायू सावध होतो. नुसतं तोंडदेखलं बोलला तर निरोप निघतच नाही. आपण सगळ्या स्नायूंचे निरोप मोजायचे आणि बेरीज करायची. तो त्याचा संकल्पांक."

"म्हणजे क्रियापद जिभेवर आणि क्रिया अंगात."

"अंगात असली तर."

दुसऱ्या आल्या मंदाताई कवठेकर. "आपण सगळे मिळून आपलं तळं वाचवू या," असं त्या इतक्या गोड बोलल्या की सरांचे डोळे पाणावले. काटा शून्यावर.

"आपण म्हणजे कोण, ताई?" हेमांगीने विचारलं.

"आपण म्हणजे तुम्ही सगळे," ताई प्रांजळपणे म्हणाल्या, आणि पट्ट्या काढून पुढच्या हळदीकुंकवाला गेल्या.

तिसरे दौलतराव शिंगाडे. चेहरा असा, की यांच्याकडून कोणी जुनी दुचाकीही घेऊ नये. ते धपकन बसले आणि कोणी काही विचारण्याआधी म्हणाले, "तळं मी राखीन. मी स्वतः. लिहून घ्या!"

काटा सत्त्याण्णववर गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

"कर्तरी!" सर ओरडले. "कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी! या माणसाबद्दल आपण काय काय ऐकत होतो, हेमांगी!"

दौलतरावांनी हात जोडले, बशीतले सगळे पेढे उचलले आणि ते गेले. सर आनंदाने येरझाऱ्या घालत होते. हेमांगी मात्र पडद्यापाशीच बसली. राखायचं म्हणजे उभं राहायला पाय हवेत, आडवे घालायला हात हवेत. तिने बेरीज फोडली. पडद्यावर मानवी आकृती उमटली. हात काळे, पाय काळे, खांदे काळे. गळा तेवढा निखाऱ्यासारखा लाल.

"सर, इरादा खरा आहे," ती सावकाश म्हणाली. "फक्त तो घशात आहे."

सर थबकले. मग खुर्चीत बसून खो खो हसू लागले.

"तळं राखील तो पाणी चाखील! अगं, चौथीत शिकवलेली म्हण तुला. त्याचं अंग म्हण पुरी करतंय!"

"हसताय काय? लबाड आहे तो."

"तिघेही लबाडच आहेत. पण तर्क लाव. हिरव्यांना तळं नसलं तरी चालतं, ताईंनाही चालतं. याला चाखायचंय. चाखायला तळं जागेवर असावं लागतं की नाही? बुजवलं तर हा काय चाटणार, सिमेंट? तळं वाचण्यात ज्याचा स्वार्थ आहे असा हा एकच उमेदवार!"

हेमांगीला यात खोट सापडेना. इतका घाणेरडा तर्क इतका बिनतोड असावा याची तिला शिसारी आली. पण विहिरी वाचत होत्या. सरांनी तिच्यादेखत समितीला संदेश धाडला: 'मत दौलतरावांना. चाखेल, पण राखेल.' तीन हजार फोन वाजले असावेत, कारण उत्तरं लगेच येऊ लागली. 'पक्कं, सर.' 'ठरलं.' 'चाखू दे की बिचाऱ्याला!'

केवळ नोंद पुरी करायची म्हणून हेमांगीने गळ्याचा भाग मोठा केला. एकेका स्नायूचा आकडा वेगळा झाला. जबडा पूर्ण उघडण्याच्या तयारीत. गिळण्याचे स्नायू टोकाला ताणलेले. आणि जीभ? तिने पुन्हा पाहिलं. जिभेकडे निरोपच निघाला नव्हता.

"सर, चाखायला जीभ लागते ना?"

"अर्थात."

"याची शून्य आहे. याला चव घ्यायचीच नाही. हा एका घोटात तळं गिळणार, गाळासकट. हिरवे निदान आळसाने तरी बुजवायला चार वर्षं लावतील!"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने दुसरा संदेश लिहिला: 'थांबा! जीभ नाही, घसा आहे. मत दौलतरावांना देऊ नका.' पहिलं उत्तर तत्काळ आलं. 'सर, जीभ काय नि घसा काय, तोंड एकच. आता शब्द दिलाय.' मागोमाग दुसरं: 'तुमचा तर्क बायकोलाही पटला. उद्या सातलाच रांगेत.'

"फिरवता येईल यांना," सर पुटपुटले. "एखादे वेळी बोलल्याप्रमाणे वागणार नाहीत?"

"तुमचेच विद्यार्थी ते. बोलतील तसं करतील."

सरांनी फोन उलटा ठेवला. उत्तरं येतच होती.

"पण म्हणीत तर चाखणंच आहे, गं," ते शेवटी म्हणाले. "शेकडो वर्षांची म्हण चुकेल कशी?"

"पूर्वज भाबडे होते, सर," यंत्र बंद करत हेमांगी म्हणाली. "त्यांच्या काळी चोरांनाही चव होती."