विरोधात वर गेलेला हात

"दुकान उघडं आहे ना? नसलं तरी उघडा... नाहीतर आज माझी धडगत नाही!"

दारात एक उंच तरुण उभा. केसांतून पावसाचं पाणी ठिबकतंय, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात तिचा तुटलेला पट्टा. मेनाने हातातला दाभण खाली ठेवला आणि ओठांवर आलेलं हसू कसंबसं आवरलं.

एकोणीसशे नव्वद साल, एप्रिलचा शेवटचा रविवार. आपेन्झेल गावात या दिवशी तलवार घेऊन धावणाऱ्या पुरुषाचं कुणाला नवल वाटत नाही. चौकात दोर बांधून रिंगण आखतात, त्यात सगळ्या कॅन्टनची, म्हणजे प्रांताची, सभा भरते आणि निर्णय हात वर करून होतात. आत शिरायचं तर कमरेला तलवार हवी. आजोबांची असो, गंजलेली असो, पण हवी. आणि ती लटकवणारा पुरुष हवा, हे तर न सांगताच सगळ्यांना ठाऊक होतं.

"बसा," मेना म्हणाली.

"तुम्ही शिवणार?"

"का? बाईने शिवलंय हे पट्ट्याला कळतं?"

तो ओशाळून हसला. गालावर खळी पडत होती... ती आपल्याला दिसलीच नाही, असं मेनाने ठरवून टाकलं. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून हे चामड्याचं दुकान तीच चालवत होती. गावातल्या निम्म्या तलवारी तिच्या टाक्यांवर लटकत होत्या. त्याचं नाव उर्बान. पलीकडच्या खोऱ्यात वडिलांबरोबर दुधाच्या लाकडी बादल्या घडवायचा.

"किती झाले?" पट्टा कमरेला बांधत त्याने विचारलं.

"पैसे नकोत. हात हवा."

"अहो... पहिल्याच भेटीत? आधी तुमच्या बाबांना तरी विचारू द्या!"

मेनाचे कान तापले. "जीभ आवरा! आज बायकांच्या मताचा प्रश्न येणार आहे. तेव्हा हात वर करा, बाजूने. देशाच्या, बर्नच्या संसदेसाठी मला मत आहे, आणि माझ्याच दारापुढच्या चौकात नाही. पट्टे मी शिवायचे, ते घालून तुम्ही आत जायचं, आणि मी आपली दोराबाहेर!"

त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळली. "माझे वडील कट्टर विरोधात आहेत. आणि ते माझ्या शेजारीच उभे असतात."

"भीती वाटते?"

"वाटते," तो सरळ म्हणाला. "तरी हात वर असेल. खिडकीतून बघा."

भीती वाटते म्हणणारा पुरुष मेनाला पहिल्यांदाच भेटत होता. तो गेल्यावरही ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली.

सभा सुरू झाली तेव्हा ती वरच्या खिडकीत होती. प्रश्न आला. "जे बाजूने असतील त्यांनी..." हात वर गेले, पण माणसांच्या दाटीत उर्बान काही दिसेना. ती शोधतेय तोवर हात खालीही आले. "जे विरोधात असतील त्यांनी..." या वेळी हातांचं रान उठलं, आणि त्यात तो दिसला! सगळ्यांत उंच हात त्याचा. वर तिच्याकडे बघून हसत होता, आणि शेजारी उभे असलेले वडील खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

मेनाने खिडकी लावून घेतली. निकाल पुन्हा नाही असाच लागला.

संध्याकाळी तो मधाचा बिबर केक घेऊन दारात हजर. "अहो, मी तुम्हाला हात केला! मत आधीच दिलं होतं. तुम्ही दिसलात, म्हटलं सांगावं... केलं बरं का तुमचं काम!"

"विरोधकांची मोजणी चालू असताना?"

"तेव्हाच दिसलात ना..."

"हा केक कुणा भोळीला द्या."

रिंगणात मतदान चालू असताना इथे कुणी डोकंसुद्धा खाजवत नाही. म्हणजे हा एक तर खोटारडा, नाहीतर ठार वेडा. आणि हात एकदा खाली आला की पुरावा कसला? मेनाला रडू आलं ते मात्र निकालाचं की त्याचं, हे तिचं तिलाच कळेना.

मग गावातल्या काही बायका आणि थोडे पुरुष लोझानच्या संघीय न्यायालयात गेले. स्त्री-पुरुष समान आहेत, असं देशाच्या घटनेत लिहिलंय, मग ते आपेन्झेलच्या चौकाला लागू नाही का? मेनाही त्यांच्यात होती. "कोर्ट आता आम्हाला शिकवणार!" म्हणत निम्म्या गिऱ्हाइकांनी दुकानाकडे पाठ फिरवली. बाबा मात्र म्हणाले, "पट्टे सडले की येतील झक मारत."

उर्बान न चुकता येत राहिला. कधी पिशवीचा बंद तुटलेला, कधी बक्कल सैल झालेलं.

"कुत्र्यासाठी पट्टा हवा होता."

"कुत्रं आहे तुमच्याकडे?"

"घेईन ना!"

मेना मान खाली घालून शिवत राही. पण शनिवार आला की तिचे कान दाराच्या घंटेकडे लागलेले असत, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग येई.

शरद ऋतूत एकदा बाबा खानावळीतून परतले ते डोळे पुसत. हसून हसून पाणी आलेलं.

"अगं, कुणीतरी उर्बानच्या बापाला म्हणालं, तुमचा पोरगा आपल्यातलाच हो, सगळ्यांनी हात पाहिला! तर पोरगा चढला की बाकावर! म्हणाला, माझं मत बाजूने होतं. दुसऱ्यांदा हात वर गेला तो मेनाला करायला. हसा किती हसायचं ते!"

"भर खानावळीत?"

"बापासमोर! बाप ताडकन उठून गेला. पोरं आता त्याला 'टाटा-टाटा' म्हणून चिडवतायत. या जन्मी काही सुटायचं नाही ते."

मेना हसली नाही. सभेत पोरीला हात केला, हे कबूल करणं म्हणजे जन्मभराची फजिती. गप्प राहिला असता तर वडील खूश होते, गाव खूश होतं. मेनाच्या छातीत काहीतरी गोड दुखलं.

दुसऱ्या दिवशी तिने पितळी गायी ठोकलेला एक छोटा पट्टा घेतला आणि थेट त्याच्या कारखान्यात गेली.

"हा घ्या. आता कुत्रं घ्या."

हातातला रंधा बाजूला ठेवायचंही त्याला सुचेना. "म्हणजे... विश्वास बसला?"

"खोटारडे नाही आहात. ठार वेडे आहात... चालेल मला."

नोव्हेंबरात निकाल आला. न्यायाधीश सगळे एकमताने म्हणाले, कॅन्टनच्या घटनेतल्या नागरिकांत बायकाही आल्याच. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायला नको. रेडिओवर ऐकताना मेना मोकळेपणी रडली. जे मागून मिळालं नव्हतं ते तिचंच होतं, असं कायद्याने किती शांतपणे सांगितलं होतं! आणि कुणाचं काही हिरावूनही घेतलं नव्हतं. तलवारी होत्या तिथेच होत्या.

पुढच्या एप्रिलात बाबांचे गुडघे साथ देईनात. या वेळी खिडकीत ते बसले, आणि बायकांना तलवारीऐवजी मिळालेलं मतदानाचं कार्ड घेऊन मेना दोराच्या आत गेली. उर्बान शेजारी आला. दाटी वाढली तसे त्याचे वडील जरासे सरकले आणि तिला जागा करून दिली.

पहिलाच प्रश्न आला तो रस्त्याचा. मेनाचा हात बाजूने गेला, उर्बानचा विरोधात.

"काय हे! घरातच फूट?" तो कुजबुजला.

"घर कुठेय अजून?"

सभा संपली, लोक पांगू लागले, तरी तो जागचा हलेना. मग घसा खाकरून, अगदी सभेच्या थाटात म्हणाला, "मेना... एक ठराव आहे. उर्बानशी लग्न. जे बाजूने असतील त्यांनी..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात वर होता.

"जे... जे विरोधात असतील त्यांनी..."

वर खिडकीत बाबांचा थरथरता हात उंच गेला. उर्बानच्या तोंडचं पाणी पळालं. "मेना... ते बघ... तुझे बाबा..."

मेनाने वर पाहिलं, हसली आणि तिनेही हात हलवला.

"घाबरू नकोस रे," ती म्हणाली. "ते मत नाही. तुला हात करतायत."