मेलेल्या खांबाचं अर्थिंग

बसा, लाईट यायला अजून वेळ आहे. कंदील जरा इकडे सरकवा, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल. ही गोष्ट सांगताना मला समोर माणूस दिसलेलं बरं वाटतं.

२००७ साल असेल. मी तेव्हा कोल्हापुरात विद्युत तपासणीच्या कामात होते. एका कंपनीला गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या गावांत वायरलेस इंटरनेट न्यायचं होतं. नवे मनोरे उभारण्यापेक्षा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरच पेट्या बसवायच्या, असा त्यांचा प्रस्ताव. परवानगी द्यायच्या आधी खांब आणि त्याचं अर्थिंग तपासायचं काम माझ्याकडे आलं. खांबात चुकून वीज उतरलीच, तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावं, यासाठी तिला करून दिलेली वाट म्हणजे अर्थिंग.

श्रावणातली दुपार होती. पाऊस नुकताच थांबला होता, भाताच्या खाचरांचा ओला वास येत होता. माझ्याबरोबर गुंडू वायरमन होता. एका लहान गावाच्या एस.टी. थांब्याजवळ आम्ही जीप थांबवली. तिथला लोखंडी खांब गंजून काळा पडला होता.

"ह्यो मेलेला खांब हाय, म्याडम," गुंडू म्हणाला. "अपघात झाल्यापास्नं वरनंच वायर तोडल्यात."

मी वर पाहिलं. खरंच, एकही तार खांबाला येत नव्हती. तरी रिवाजाप्रमाणे मीटर लावला. काटा हललाही नाही.

तेवढ्यात एक म्हातारा दुधाची किटली घेऊन आला. त्यानं किटली खाली ठेवली, आम्हाला बघितलं न बघितलं केलं आणि उजव्या हाताचा तळवा खांबाला लावून डोळे मिटले.

"काका, हात काढा," मी म्हणाले.

"वायर तोडल्यात की," तो डोळे न उघडता म्हणाला. "ह्यात माझी मालकीण हाय, बाई."

त्याचं नाव गणपती. त्यानं हळूहळू सांगितलं. त्याची बायको, शालूबाई, डेअरीच्या टेम्पोला दूध घालायला इथंच उभी असायची. एका पावसात तिचा हात खांबाला लागला, तो सुटलाच नाही.

"दुसरा हात तिनं माझ्याकडं केलता," तो म्हणाला. "मी धराय गेलतो... लोकांनी मला मागं वढलं."

"त्यांनी ओढलं नसतं तर तुम्हीही गेला असता."

"व्हय. समदी त्येच म्हंत्यात."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "लावून बघा की."

आमच्या कामात शिकवतात, खांबाला हात लावायचा तर हाताची मागची बाजू लावायची. झटका बसलाच तर मूठ खांबावर आवळत नाही. मी तसा लावला. गार लोखंड, दुसरं काही नाही. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मग तळवा टेकवला.

आधी बारीक मुंग्या आल्या. मग त्या मुंग्या एका जागी गोळा झाल्या आणि माझ्या बोटांच्या मधे... बोटं आली. ओली, खरखरीत, काम केलेली. ती माझा हात चाचपत होती. हा हात आपल्याला हवा तो नाही, हे कळल्यासारखी ती थांबली आणि सैल झाली.

मी हात काढला. गुंडू जीपकडे तोंड करून उभा होता.

पेटी बसणार म्हणजे खांबाला पुन्हा वीज येणार. थांब्यावर माणसं टेकून उभी राहणार, बायका किटल्या टेकवणार. नवं अर्थिंग केल्याशिवाय परवानगी नाही, असा शेरा मी लिहिला. आजही मी तोच शेरा लिहीन. दुसरं काय लिहिणार?

काम सुरू झालं तेव्हा मी गेले होते. खांबाशेजारी खड्डा खणून त्यात पत्रा उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा भरत होते. गणपती बांधावर बसून बघत होता.

"ह्येनं काय हुतंय, बाई?"

"खांबात जे येईल ते जमिनीत जाईल."

त्यानं मान वाकवून खड्ड्यात बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "म्हंजे... ती पन?"

गुंडूनं पत्र्यापासून वर आणलेली पट्टी खांबाला जोडून बोल्ट आवळला. गणपती उठला, तळवा खांबाला लावला, मग दुसराही लावला. गाल टेकवला. माणसं काम थांबवून बघत राहिली.

"गेली," तो म्हणाला. किटली तिथंच विसरून तो घराकडे चालू लागला. त्याला हाक मारावी असं मला फार वाटलं. पण मारून सांगणार काय होते?

पुढच्या पावसाळ्यात त्या पेट्यांच्या तपासणीला गेले, तेव्हा मुद्दाम त्याच्या घराची वाट विचारली. दारात त्याची सून भेटली, तानाबाई. तिनं मला आत घेतलं, चुलीवर चहा ठेवला आणि समोर जमिनीवर बसली.

"मामा गेलं, दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "तुमी येऊन गेल्यावर चपलाच घालनात. म्हनायचे, पायाला लागतंय, शालू खालनं येत्या. आधी बांधाला हुतं, मग परड्यात, मग उंबऱ्याला. शेवटी शेवटी हितं चुलीपुढं निजायचे, जमिनीला हात लावून. तसंच गेलं."

"शांतपणे गेले ना?"

"व्हय. हासल्यागत तोंड हुतं."

मला बरं वाटलं. वर्षभर मनात सलत होतं ते थोडं उतरल्यासारखं झालं. मी म्हणाले, "मग भेटली म्हणायची त्यांना."

चुलीत लाकूड तडतडलं.

"भेटली आसंल," ती म्हणाली. "पन ते गेल्यावर बी थांबलं न्हाय, बाई. आजून येतंय. मामांचा हात मला ठावं हाय, सासूचा बी. ह्यो दोघांचा न्हाय... ल्हान हाय. लई ल्हान, परड्यात पुरलेल्या माझ्या लेकराएवढा. घट्ट धरतंय."

चहा उकळून वर आला आणि फसफसत चुलीत सांडला. धुराचा, जळक्या दुधाचा वास घरभर पसरला. "तानाबाई, चहा," मी म्हणाले.

तिनं चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती उठली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आम्ही बसलो तेव्हापासून तिनं उजवा तळवा जमिनीवरून उचललाच नव्हता.