तीन दिवस नुसता चारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. खोटं रचायला डोकं ताजं लागतं, आणि मी कित्येक महिने धड झोपलेलो नाही.

मी इस्पितळाच्या लाँड्रीत रात्रपाळीला आहे. सकाळी सहाला सुटतो. दिवसा घरी झोपावं, तर वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम. झोपेचं पार खोबरं झालंय.

मागच्या महिन्यातला सोमवार. सुटलो तो थेट तळ्यावर गेलो.

माझा थोरला भाऊ, दादा, वर्षापूर्वी तिथेच बुडाला. चांगला पट्टीचा पोहणारा. काठावर त्याची घडीची खुर्ची तेवढी मिळाली. त्याला तिथला मोठा कार्प मासा धरायचा होता. म्हटलं, त्याचं राहिलेलं आपण करू.

दादाची पद्धत ठरलेली होती.

"कणीक नको रे, बारकी चिल्लीपिल्ली टोचून संपवतात. मका उकड, जरा टणक ठेव, तो मोठाच खातो. तीन दिवस नुसता चारा टाक, रोज एक हात काठाकडे. चौथ्या दिवशी गळ. आणि तुला काय आवडतं ते टाकू नकोस. त्याला कशाची भूक आहे ते बघ."

मी मका फेकला. सोबत आणलेल्या दादाच्या खुर्चीत टेकलो. आणि...

झोप लागली.

गाढ झोप. उठलो तेव्हा इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

मंगळवारी पुन्हा तेच. फक्त डोळे मिटताना जाणवलं... पक्षी गप्प झालेत. आणि कुणीतरी दातांतून शीळ घालतंय. चारा कालवताना दादा घालायचा, तशी.

उठलो, तर पाणी जरा जवळ वाटलं.

बुधवारी खुर्चीच्या पायाशी दगड ठेवला. उठलो... दगड एक हात मागे होता. मातीत ओढल्याची रेघसुद्धा नव्हती.

बायको म्हणाली, "अहो, झोपेत सरकला असाल. किती दिवसांनी माणसात आलाय! उद्याही जा."

गुरुवारी गळ घेऊन गेलो. मका लावता लावता हात थांबला.

सोम, मंगळ, बुध. तीन दिवस. रोज एक हात काठाकडे.

मला कशाची भूक होती?

मी खुर्चीकडे वळून बघितलं. खुर्ची मी काल झाडाला टेकवून गेलो होतो. आता ती उघडलेली होती, आणि तिचे पुढचे पाय पाण्यात होते.

शीळ ऐकू आली... पाण्याखालून.

"दादा, तूच का रे?"

शीळ थांबली.

गळ, डबा, खुर्ची, सगळं टाकून पळालो. पुन्हा त्या बाजूला फिरकलो नाही.

परवा डबल ड्यूटी करून घरी आलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दाराबाहेर... ती खुर्ची.

ओरडायला हवं होतं, कळतंय मला. पण सोळा तास उभा होतो हो. म्हटलं, दोनच मिनिटं.

फार छान झोप लागली.

लेकीच्या हाकेनं जाग आली. ती जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होती.

"बाबा, तुम्ही तिकडे खाली का बसलाय?"

मी दुसऱ्या मजल्यावर होतो. खुर्चीतच.

बायको रडली. म्हणाली, जाळून टाका ती. मी लगेच रॉकेल आणलं. काल कामावरून आल्यावर जाळणारच होतो, पण आधी जरा टेकलो. जाग आली पहिल्या मजल्यावर.

आज तळमजल्यावर.

रॉकेलचा डबा अजून भरलेला आहे. काडेपेटी खिशात आहे. उद्या नक्की जाळतो, असं बायकोला सांगितलंय.

उद्या चौथा दिवस आहे. आणि मला फार झोप येतेय.