पाठीतली सुई

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या आमच्या विभागात भूल देण्याचे काम माझे. भुलीच्या तक्त्यावर एक रकाना आहे: ‘पाठीतली सुई’. मूल झोपल्यावर पाठीत बारीक सुईने औषध सोडले की छातीच्या नसा बधिर होतात. वेदना झोपेच्या आतही पोहोचत नाही. चार महिन्यांपूर्वी प्रमुख सर्जननी या रकान्यावर आडवी रेघ मारली. रक्त पातळ करावे लागते, मणक्यात रक्तस्राव होईल, असे ते म्हणाले असते तर मी आदराने वाद घातला असता. त्यांचा आक्षेप एवढाच होता, की सुईपायी प्रत्येक शस्त्रक्रियेला वीस मिनिटे जास्त लागतात.

सोमवारी एका मुलाच्या छातीवर सुरी टेकताच नाडी शंभरावरून एकशे साठावर गेली. मी मॉनिटरच्या पडद्याकडे बोट दाखवले.

“आकडे ओरडतात हो, पोर नाही,” प्रमुख म्हणाले. परिचारिका हसली, तिथे हसावे लागते.

मी तक्त्यात वेळ लिहिली. नऊ चाळीस.

मंगळवारी दुसऱ्या गावाहून ठकी दाखल झाली. वय वर्षे चार. मी तपासत असताना तिने नखाने स्वतःच्या छातीवर सरळ रेघ ओढली आणि कंटाळलेल्या, प्रौढ स्वरात म्हणाली, “आकडे ओरडतात हो, पोर नाही.”

“कालपासून हेच चाललंय,” आई ओशाळून म्हणाली. “नाश्ता करता करता किंचाळली, तेव्हापासून.”

“किती वाजता?”

“पावणेदहाच्या आसपास. डॉक्टर, उद्या दुखणार नाही ना हिला?”

योगायोग या शब्दावर माझा विश्वास आहे. त्या बाईसमोर तो मला उच्चारता आला नाही.

“नाही दुखणार,” मी म्हणालो.

बुधवारी मी ठकीच्या पाठीत सुई दिली.

“वीस मिनिटं!” प्रमुख दारातूनच कडाडले. “कुणाच्या परवानगीनं?”

“तिच्या आईच्या.”

“हे आटपलं की माझ्या खोलीत या.”

सुरी टेकली. नाडी अठ्ठ्याण्णव.

चीर खाली सरकत पूर्ण झाली. अठ्ठ्याण्णव.

प्रमुखांचा डावा हात स्वतःच्या छातीवर गेला.

“सर?”

त्यांनी सुरी खाली ठेवली आणि ते बाहेर गेले. शस्त्रक्रिया उपसर्जननी पुरी केली.

दुपारी ठकीने डोळे उघडून पाणी मागितले. मग मी प्रमुखांच्या खोलीत गेलो. ते सदरा उघडा टाकून आरशासमोर उभे होते.

“माझं कधीच ऑपरेशन झालेलं नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी मोजपट्टी पुढे केली.

छातीवरच्या चिरेची खूण पांढरी होती, जुनी, पूर्ण भरलेली. मी मोजली. त्या रुंद छातीच्या मधोमध ती सात सेंटिमीटरांवरच थांबली होती. चार वर्षांच्या मुलीला तेवढी चीर पुरते.